म्हैस, पोळपाट आणि पेटीतला कागद

अहो, गाडीच्या डाव्या बाजूच्या पेटीचं कुलूप मी फोडलं. वरवंट्याने. तीन घाव घालावे लागले, आणि तुमच्या त्या चकचकीत काळ्या रंगावर बोटभर ओरखडा उठला. उठू दे. ज्या पत्र्यावर माशी बसली तरी तुम्ही पंच्याच्या टोकाने पुसायचात, त्याला मी माझ्या हाताने पोचा पाडला आणि मला कणभर वाईट वाटलं नाही.

चावी कुठे ठेवलीय ते सांगून गेला असतात, तर ही पाळी आली नसती. प्रशांतने पुण्यात बसून फोनवरच गाडीला गिऱ्हाईक पाहिलं. "आई, उभी राहून राहून गाडी खराब होते. आणि तू एकटी तिच्याकडे बघत बसणार," म्हणाला. मी म्हटलं, बघत नाही, तिच्यावर पापड वाळत घालते. त्याला हसू आलं नाही. तुमच्यावरच गेलाय. गिऱ्हाइकाला आरसी बुक दाखवायचं होतं. कपाट झालं, ट्रंक झाली, देव्हाऱ्याचा खण झाला. राहिली फक्त ही पेटी. त्यात आरसी बुक होतं, नटबोल्टचे दोन पाने होते, चेनच्या तेलाची बाटली होती आणि दुधाच्या पिशवीत नीट घडी घातलेला डॉक्टरांचा कागद होता. दिवाळीनंतरचा.

इंग्रजी मला वाचता येतं, अर्थ लागायला वेळ लागतो. या कागदाला लागला नाही. हृदयाच्या नळ्या अरुंद झाल्यात, पुढची तपासणी ताबडतोब करा, आणि तोवर जड काही उचलायचं नाही, ढकलायचं नाही. त्या 'नाही'खाली डॉक्टरांनी दोन रेघा मारल्यात. तारीख बघितली आणि मला तो दिवस आठवला. "म्हशीचं ऑइल बदलायला जातो," सांगून तुम्ही गेला होतात. दुपारी आलात. मी विचारलं, "झालं का?" तर म्हणालात, "झालं. आता पंधरा वर्षं बघायला नको."

खोटारडे.

बायकोला नाही सांगितलं, म्हशीला सांगितलं. तिच्या पोटात ठेवलं, वर कुलूप लावलं. लोक दहाव्याला येऊन मला म्हणत होते, "नानांसारखा सरळ माणूस नाही." मी मान हलवत होते. आता एकेकाला बोलावून सांगावंसं वाटतं.

तुम्ही म्हणाल, सांगितलं असतं तर तू गाडी बंद केली असतीस. हो, केली असती. एकदा केलीच होती की. तुमच्या हातात यायच्या आधीच बंद केली होती.

ती वीस वर्षांची सुमन आठवते ना? मला आठवते आणि तिच्या कानाखाली द्यावीशी वाटते. दोन वेण्या, चार पिना आणि अक्कल शून्य. लग्नाला सहा महिने झाले होते. जमीन मोजणीच्या नोकरीत गावोगाव फिरायचं, म्हणून तुम्ही धुळ्यात एकाची जुनी मोटारसायकल ठरवून आलात. गोल दिवा, फुगीर टाकी, आवाज गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत. तुमचा चेहरा असा, की जणू घोडाच बांधून आलात. आणि ही महाराणी काय म्हणाली? "मोटारसायकल दूधवाल्यांची असते. मी काय कॅनच्या जागी बसू?" माझी मावसबहीण धुळ्यात नवऱ्याच्या स्कूटरवर काळा चष्मा लावून बसायची. मला तसं बसायचं होतं, बस्स. एवढ्याशा चष्म्यासाठी तुमचा घोडा गेला. तुम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन सौदा मोडून आलात आणि पुढची पस्तीस-अडतीस वर्षं स्कूटर चालवलीत. ती दर पावसाळ्यात आडवी करून किक मारावी लागायची. काळा चष्मा मी पहिल्याच आठवड्यात तापी पुलावर वाऱ्याला दिला.

तुम्ही तेव्हा भांडायला हवं होतं. न भांडता ऐकणारा माणूस फार महागात पडतो, हे मला आता कळतंय. तुम्ही ऐकलंत की मला वाटायचं पटलं. तुमचं आत चालूच असायचं.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या महिन्यात जळगावला पिंप्राळ्यातल्या आपल्या दारात तो आवाज आला. मी कणीक भिजवत होते. बाहेर येऊन बघते तर तुम्ही, डोक्यावर नवं हेल्मेट, आणि खाली ती. दिसायला सासऱ्यांच्या काळातली, आत सगळं नव्या जमान्याचं. बटण दाबलं की सुरू, पण वर किकचा दांडाही. मला एका शब्दाने विचारलं नव्हतंत. मी कणकेच्या हाताने तशीच उभी. तुम्ही म्हणालात, "दूधवाला आलाय, बाई. किती घेऊ?"

अडतीस वर्षं ते वाक्य सांभाळून ठेवलं होतंत! मी त्या दिवशी तिला म्हैस म्हटलं ते रागाने, पण नाव चिकटलं. म्हशीसारखीच होती. जागेवर वळवायची तर चार माणसांचं बळ हवं, आणि एकदा रस्त्याला लागली की कशाला बधत नसे.

आता तुमच्या मागे तिची खरी परीक्षा लिहिते, कारण तुम्ही तिच्याबद्दल कधी वाईट ऐकून घेतलं नाही. उजव्या पोटरीला ती भाजायची. चैत्रात धरणगावपर्यंत जाईस्तोवर माझी पोटरी पापडासारखी व्हायची. आरसे थरथरायचे, मागून एक ट्रक आला तर त्यात दोन दिसायचे. तुम्ही म्हणायचात, "एकाला जागा दिली की दुसराही जातो." ब्रेक दाबला की ती आधी विचार करायची, मग थांबायची. चाकांना त्या सुंदर तारा, म्हणून आत ट्यूब, म्हणून पंक्चर झालं की चाकच उतरवा. बेटावदच्या अलीकडे बाभळीखाली अडीच तास बसलो होतो ते विसरला नसाल. तुम्ही मात्र चाकाकडे असे बघत होतात की जणू त्याला बाळंतपणाच्या कळा येतायत.

आणि चांगलं? तेही लिहिते, आता ऐकायला तुम्ही नाही म्हणून. पाठ ताठ ठेवून बसता यायचं. मान वाकवावी लागायची नाही. समोरून भरधाव ट्रक गेला की बाकीच्या गाड्या पानासारख्या हलतात, ही हलायची नाही. चढावर दम खायची नाही, गिअरही बदलायला नको. तुम्हाला घाई नसायची आणि तिलाही नसायची, त्यामुळे कापसाची शेतं, केळीच्या बागा, कुणाच्या ओट्यावर काय वाळत घातलंय, सगळं बघत जाता यायचं. बासष्टाव्या वर्षी मी पंजाबी ड्रेस शिवून घेतला आणि दोन्हीकडे पाय टाकून बसले. शिंदखेड्याला माझ्या माहेरी वहिनी दारातच म्हणाली, "अवं बाई, आत्या शे का फौजदार?" मी वरून म्हटलं, तपासणीला आलेय, चहा ठेव.

मला ती आवडायची. हे मी तुम्हाला एकदाही सांगितलं नाही. दर वेळी उतरले की "मेली कंबर माझी" म्हणायचे. आवडते म्हटलं असतं, तर त्या वीस वर्षांच्या सुमनचं चुकलं होतं असं कबूल करावं लागलं असतं. त्या बयेची बाजू मी म्हातारपणापर्यंत लढवली, तुमच्याविरुद्ध. मूर्ख दोघीही.

आता पोळपाटाकडे येते. इथे मला थांबावंसं वाटतंय, पण लिहिते.

म्हशीची सगळ्यात वाईट खोड म्हणजे तिचं एका बाजूचं स्टँड. एवढं वजन आणि खाली पाय एवढासा, रुपयाएवढा. आपल्याकडे उन्हाळ्यात डांबर मऊ होतं, पावसाळ्यात काळी माती लोण्यासारखी होते. उभी करून चहा प्यायला जावं आणि परत यावं तर ही आडवी. सगळी हयात जमीन मोजण्यात घालवलेला माणूस, आणि काळ्या मातीत पाय कसा रुततो ते तुम्हाला म्हशीने शिकवलं! दोनदा पडल्यावर तुम्ही माझा जुना पोळपाट पळवलात. कड उडालेला, पण चांगला सागवानी. आठ दिवस मी घर पालथं घातलं. कामवालीवर संशय घेतला, देवा, तिची माफी मागायची राहिलीच. मग एक दिवस शिंदखेड्याच्या बाजारात तुम्ही पिशवीतून तो काढून स्टँडखाली सरकवलात. माझ्या लग्नातला पोळपाट! भर बाजारात मी तुम्हाला काय काय बोलले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुला चाळीस वर्षं पोळ्या दिल्या त्याने. आता निवृत्त झालाय, जरा फिरू दे."

आणि गाडी उचलायची ती शिकवणी. अंगणात जुनी गादी टाकून तुम्ही म्हशीला तिच्यावर हळूच निजवलंत आणि म्हणालात, "हाताने उचलायची नाही. पाठ लाव. सीटला कंबर टेकव, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, आणि मागे मागे चालत जा. बारीक पावलं टाक." समोरच्या ओट्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. तिसऱ्या खेपेला उचलली मी. पासष्ट वर्षांच्या बाईने म्हैस उभी केली. तुम्ही पलीकडून ती धरायला उभे होतात, आणि हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर ठेवलंत.

म्हणजे मला येत होतं. तुम्हाला माहीत होतं, मला येतं. म्हणून तर माझा राग जात नाही.

फाल्गुनात शेजारच्या सिंधूताईंकडे पापड होते. ज्या घरी पापड, तिथे गल्लीतल्या सगळ्या जणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जातात, ते काही तुम्हाला सांगायला नको. माझा नवा पोळपाट स्टीलचा, त्यावर उडदाची लाटी घसरते. म्हणून मी म्हशीच्या पिशवीतून जुना काढला. घासला, उन्हात ठेवला, तेल लावलं. दिवसभर लाटले. त्याच्यावर स्टँडच्या पायाचा गोल खळगा पडला होता, त्यामुळे माझ्या प्रत्येक पापडाच्या मधोमध एक जाड टिकली येत होती. सिंधूताई म्हणाल्या, "तुझे पापड कुंकू लावून आलेत." खूप हसलो. संध्याकाळी पोळपाट धुऊन ओट्यावर उभा केला. सकाळी शिंदखेड्याला भाच्याच्या साखरपुड्याला जायचं होतं. साडी, अहेर, पाण्याची बाटली, सगळं घेतलं. पोळपाट राहिला.

परतताना अमळनेरच्या अलीकडे मीच म्हटलं, थांबा, पाणी प्यायचंय. तुम्ही कडेला घेतलीत. शेजारच्या शेतात बाजरीला पाणी दिलं होतं आणि ते वाहत रस्त्याच्या कडेपर्यंत आलं होतं. तुम्ही पिशवीत हात घातलात. परत घातलात. पिशवी उलटी केलीत. मग आपणच पोळपाट विसरलो असं समजून कपाळावर हात मारून म्हणालात, "इसरी गऊ मी. वय व्हयनं आते."

मी बाटली तोंडाला लावली होती. मी पाणी पीत राहिले.

त्या वेळी मला फक्त एवढंच वाटलं, की आता बोलले तर हे शिंदखेड्यापासून जळगावपर्यंत सगळ्या गावांना सांगत सुटतील. इतकं क्षुल्लक. तुम्ही एक चपटा दगड शोधून स्टँडखाली दिलात. दगडासकट ती रुतली. आपल्या डोळ्यांसमोर सावकाश कलली आणि आडवी झाली. मी ओढणी खोचून पुढे आले. तुम्ही हात वर करून मला अडवलंत. "काही नही व्हयनं. तू बस सावलीमा."

आणि मी सावलीत बसले! पंचेचाळीस वर्षांत तुमचा एकही हुकूम न ऐकणारी बाई, नेमकी त्या दिवशी शहाण्यासारखी बाभळीखाली जाऊन बसली. पोळपाटाची चोरी पोटात होती ना, म्हणून गरीब झाले होते. तुम्ही एकटे उचलत होतात. पाठ लावून नाही, हातांनी, घाईने, मी बघतेय म्हणून. दुसऱ्या झटक्याला उभी केलीत आणि मग बराच वेळ सीटवर हात टेकून उभे राहिलात. मी विचारलं, "काय झालं?" तुम्ही म्हणालात, "तिला बघतोय, कुठे लागलं का."

नवव्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता तुम्ही खाली बसलात. पुढचं मला लिहायचं नाही.

मी नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नेमकं त्या उचलण्यानेच झालं असं सांगता येत नाही, केव्हाही होऊ शकलं असतं. चांगला माणूस आहे. पण मी त्याला पोळपाटाचं सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. प्रशांत मला म्हणतो, "आई, स्वतःला दोष देऊ नकोस, नाना विसरले यात तुझं काय?" मी "हं" म्हणते.

तुमच्या पेटीला निदान कुलूप होतं.

काल रविवारी गिऱ्हाईक आलं. वरणगावच्या कारखान्यातून यंदा निवृत्त झालेले पाटीलभाऊ आणि त्यांची बायको उषाताई. भाऊ गाडीभोवती फिरत होते आणि त्यांचा चेहरा, काय सांगू, कणकेच्या हाताने पाहिलेला तुमचा चेहरा होता. उषाताई मात्र लांबच उभ्या. मला म्हणाल्या, "अक्का, खरं सांगा, मागे बसायला कशी आहे?"

मी सगळं सांगितलं. पोटरी, आरसे, ब्रेक, तारांची चाकं. भाऊ ऐकता ऐकता खांद्यांत खचत चालले होते. मग म्हटलं, "आणि बाई, पाठ ताठ ठेवून राणीसारखं जाता येतं. घाई नसेल तर हिच्यासारखी गाडी नाही." भाऊ परत उंच झाले. त्या आनंदात त्यांनी म्हशीला सावलीतून बाहेर काढलं, एक चक्कर मारली, आणि परत येऊन कडुनिंबाखाली, जिथे मी सकाळीच झाडाला पाणी घातलं होतं, तिथे स्टँड लावून उतरले.

मी आत चहा ओतत होते. धप्प आवाज आला.

बाहेर येते तर म्हैस आडवी, आणि पाटीलभाऊ तोंड लालबुंद करून, वाकून, दोन्ही हातांनी हँडल धरून ओढतायत. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते पूर्ण गल्लीने ऐकलं. "हात लावू नका! सोडा! सोडा म्हणते ना! व्हा बाजूला, बसा सावलीत!"

ते जागच्या जागी थिजले. मी पदर खोचला, म्हशीला पाठ लावली आणि उषाताईंना म्हटलं, "या अशा, माझ्या शेजारी. पाठ टेकवा. मागे मागे चालायचं. बारीक पावलं." दोघी मिळून उचलली. पलीकडून धरायला भाऊंना ठेवलं. माझी कंबर आज सकाळपासून मला शिव्या देतेय, पण उचलली. मग आतून पोळपाट आणला आणि स्टँडखाली दिला. पाय बरोब्बर खळग्यात बसला.

भाऊ ओशाळून म्हणाले, "अक्का, एवढं काही जड नव्हतं हो."

मी विचारलं, "भाऊ, डॉक्टरचा कागद कुठे ठेवलाय?"

"कसला कागद?"

"छातीचा. कुठल्या पेटीत ठेवलाय?"

मी आपला अंदाजाने दगड मारला होता. पण भाऊ एकदम खाली वाकून स्टँड नीट लागलंय का ते बघायला लागले. उषाताई हळूहळू नवऱ्याकडे वळल्या. "काय हो? त्या दिवशी जळगावला पेन्शनच्या कामाला गेला होतात ना?" भाऊ चपलेने माती उकरायला लागले. चहा तसाच राहिला. फाटकाबाहेर जाईपर्यंत त्यांचं भांडण रंगात आलं होतं. मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. नवरा-बायकोने असं वेळेवर भांडावं.

आज उषाताईंचा फोन आला. रक्तदाबाच्या गोळ्या सायकलच्या सीटखाली सापडल्या म्हणे. तुम्ही पुरुष एकाच शाळेत शिकलात का? गुरुवारी तपासणी आहे. मी सांगितलंय, रिपोर्ट मला दाखवायचा. चांगला आला तर म्हैस त्यांची, पण चावी उषाताईंच्या हातात देईन. आणि गाडी पडली तर दोघांनी उचलायची. प्रशांतला कळवलं तर म्हणाला, "आई, गाडी विकतेयस की मुलगी देतेयस?"

परवा अक्षय्य तृतीया, आपली आखाजी. दर आखाजीला तुम्ही मला म्हशीवरून माहेरी न्यायचात. या वर्षी मी कुठे जात नाही. आपल्या खान्देशात ज्या दिवशी लेकी माहेरी येतात, त्याच दिवशी गेलेली माणसंही घरी येतात पाणी प्यायला. तुमची पहिली घागर आहे. नवं मडकं आणलंय, कैरी आणलीय, खापरावरच्या पोळ्या सिंधूताई करून देणार आहेत. घागर मी पोळपाटावर मांडणार आहे, त्याच. परवा एक दिवस म्हशीला वीट देईन.

तर या. पण पाण्याला लगेच हात लावायचा नाही. आधी समोर बसायचं. तो कागद मी घागरीशेजारी उघडा ठेवणार आहे, आणि मला उत्तर हवंय. मला का नाही सांगितलंत? मी गाडी बंद केली असती म्हणून? की शेवटपर्यंत मला त्या वीस वर्षांच्या सुमनच्याच जागी धरून चालला होतात? मी ओरडणार आहे. गल्ली ऐकेल, ऐकू दे. पंचेचाळीस वर्षांत राहिलेली सगळी भांडणं त्या एका दुपारी करायची आहेत.

माझं मी आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला निमित्त नको.

पोळपाट तुम्ही विसरला नव्हतात. मी काढला होता.

आता तुमची पाळी.